कोहिनूरची पाचवी ओळ

भिलाईच्या सेक्टर पाचमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये नरहरी शिवणकरने एकोणीस व्हिडिओ गेम ठेवले होते. हल्लीच्या फोनमधले नव्हेत. नव्वदच्या दशकातले, टीव्हीला वायर जोडून, वरून कॅसेट खुपसून आणि चित्र हललं की कॅसेट काढून फुंकर मारून खेळायचे, ते. बाहेरच्या खोलीत दिवाण, टीव्ही आणि देवाचं कॅलेंडर सोडलं तर उरलेल्या भिंतीवर फळ्याच फळ्या होत्या. त्याच्या बायकोने, रीनाने, एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं होतं की आमच्या घरात आधी गेम राहतात आणि जागा उरली तर आम्ही. नरहरीला ते कौतुकच वाटलं होतं. तो तसाच माणूस होता.

स्टील प्लांटात तो इन्स्ट्रुमेंटेशनचा टेक्निशियन. बावीस वर्षांची नोकरी, एकही अपघात नावावर नाही. घरी आला की स्क्रू ड्रायव्हर बदलायचा फक्त. भिलाई आणि दुर्ग मिळून या वेड्यांची एक मंडळी होती आणि मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप होता. ऐन भरात साठ-सत्तर माणसं होती त्यात. रविवारी सिव्हिक सेंटरच्या बागेत जमायची, पोत्यातून आणलेले गेम मांडायची, भांडायची, पुन्हा समोसे खायला एक व्हायची. मग सगळ्याच शौकांचं होतं तसं याचं झालं. आधी लोक गेमचे फोटो टाकायचे, नंतर फक्त सुप्रभात टाकू लागले, मग तेही थांबलं. कुणाला गुडघे आठवले, कुणाला नातवंडं. शेवटी खऱ्या अर्थाने उरले चौघे: नरहरी, दुर्गला बोरसीत राहणारे मालगाडीचे रिटायर्ड गार्ड फकिराकाका, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी आणि गेमसोबत आलेले खोके, पुस्तिका, जाहिराती जमवणारी हर्षा, आणि सुपेल्याच्या बाजारात टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेला केवलराम.

पाचवी होती मोना, नरहरीची मुलगी. पंधरा वर्षांची, दहावीत, आठवड्याचे सहा दिवस कोचिंगच्या मागे. या वयातली मुलगी बापाशी काय बोलणार? पण रविवारी दोन तास ती कंट्रोलर हातात घेऊन त्याच्या शेजारी दिवाणावर बसायची आणि टीव्हीकडे पाहत पाहत सगळं सांगून मोकळी व्हायची: कुठली मैत्रीण रुसली, कुठल्या सरांनी काय म्हटलं, तिला नागपूरला शिकायला जायचंय. एकमेकांकडे बघावं लागत नसलं की बोलणं सोपं जातं, हे नरहरीला कळून चुकलं होतं. ते दोन तास म्हणजे त्याचा जीव होता. ग्रुप ओस पडू लागला तसा त्याला एकच धसका बसला, की असाच एक दिवस आपलाही शौक उतरला तर त्या दोन तासांचं काय होईल.

आणि अशात, डिसेंबरातल्या एका शनिवारी, केवलरामचा फोन आला.

"नरूभाऊ, कोहिनूर सापडला."

नरहरी पोहे खात होता. बशी तशीच राहिली. कोहिनूर म्हणजे काय ते त्या मंडळींनाच ठाऊक. हर्षाकडे पेपरातली एक फाटकी जाहिरात होती, तिच्यात तो काळा, चौकोनी, रुपेरी अक्षरांचा गेम होता. बनले थोडे आणि विकले त्याहून थोडे, असं म्हणायचे. प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नव्हता. मंडळींत कुणी फार फुशारक्या मारू लागला की बाकीचे त्याला विचारायचे, मग कोहिनूर आहे का रे तुझ्याकडे?

"मोना," त्याने आत हाक मारली, "चल बाप्पा, चप्पल घाल लवकर. कोहिनूर."

"सच में? पप्पा, मजाक तर नाही करून राहिले ना?" म्हणत ती ओल्या केसांनीच बाहेर आली. स्कूटरवर मागे बसून ती सुपेल्यापर्यंत सारखी त्याच्या खांद्यावर बोटं वाजवत होती. बाजाराची गर्दी, हातगाड्या, सायकलींचं दुकान, सगळ्यांतून वाट काढताना नरहरी चक्क गुणगुणत होता. इतका आनंद त्याला प्रमोशनलाही झाला नव्हता.

केवलरामच्या टेबलावर तो ठेवलेलाच होता. काळा. एक ओरखडा नाही. नरहरीने हात शर्टाला पुसले आणि मगच त्याला लावले. बोटांना किंचित उबदार लागला. दुकानात ऊन येत होतं, त्यामुळे असेल.

"कुठून आणला?"

"नंदिनी नगरहून. तिकडं खाणीतले सुखराम म्हणून कोणी होते, क्वार्टर खाली करून गावाले चालले. खोलीभर सामान होतं बाप्पा, आपल्या चौघांपेक्षा जास्त. मी म्हटलं, काका, बाकीचं तरी ठेवा. तर म्हणे, ले जाओ सब, मले काय करायचं. वळून पाह्यलं बी नाही." केवलराम आपलं सोल्डरिंग करत बोलत होता. "काल लावून पाह्यला. मस्त चालते. घेऊन जा."

"घेऊन जा म्हणजे?"

"म्हणजे घेऊन जा. मले नको."

नरहरी बघतच राहिला. हा केवलराम असा, की आपल्या गेमचा एक स्क्रू कुणाला द्यायचा नाही. काउंटरमागच्या कपाटात त्याचा पहिला गेम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असायचा आणि गिऱ्हाइकांना तो लांबूनच दाखवला जायचा. नरहरीची नजर सवयीने तिकडे गेली. कपाट रिकामं होतं. तो गेम खाली, केवलरामच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली, टेकू म्हणून लावलेला होता.

"केवल, बरा हाय ना तू?"

"मले काय झालं? लय बेस वाटून राहिलं. मोकळं मोकळं."

खरोखरच तो टवटवीत दिसत होता. आनंदाच्या भरात माणूस फार प्रश्न विचारत नाही. नरहरीने कोहिनूर मोनाच्या मांडीवर दिला आणि स्कूटरला किक मारली.

घरी आल्यावर बापलेकीने तो टीव्हीला जोडला. कॅसेट आतच होती, वर कागद चिकटवलेला नव्हता. पडदा काळा झाला, मग निळा, आणि गेमच्या आधी एक यादी आली. पाच ओळी. पहिलीवर सुखराम, दुसरीवर केवलराम, इंग्रजी अक्षरांत, पुढे आकडे. तीन ओळी रिकाम्या आणि तिसरीच्या सुरुवातीला एक चौकोन लुकलुकत होता.

"यात तर नाव सेव्ह राहते," मोना म्हणाली.

"राहू शकत नाही," नरहरी म्हणाला. त्या जमान्यातले असले गेम बटण बंद केलं की सगळं विसरायचे. त्याने स्वीच बंद केला आणि कोहिनूर उघडला. आत एक पट्टी, चार जुन्या चिप, दोन कपॅसिटर. बॅटरी नाही. आठवण ठेवील असं काहीच नाही. मल्टिमीटर लावून चिपचा प्रत्येक पाय तपासला. मग तो तसाच, वायर काढून, दोन दिवस कपाटात ठेवला. सोमवारी लावला तर यादी जागच्या जागी. कॅसेट काढून लावला, तरी यादी होतीच. तीच कॅसेट दुसऱ्या गेममध्ये घातली तर नुसती मुंग्यांची खरखर.

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर नरहरी खुशीने वेडा झाला होता. बावीस वर्षं मीटर आणि सेन्सरशी डोकं लावणाऱ्या माणसासमोर पहिल्यांदा असं काहीतरी आलं होतं की ज्याचा सर्किटमध्ये पत्ता नाही. यानं मंडळी पुन्हा उभी राहील, त्याला वाटलं. गेलेले सगळे परत येतील. त्याने फकिराकाका आणि हर्षाला रविवारी सकाळी बोलावून घेतलं आणि रीनाने वांगी-भात केला.

घरचा माणूस शेवटी, हा शिवणकरांचा रिवाज. जेवण असो, खेळ असो, आधी पाहुणा. म्हणून पहिला कंट्रोलर फकिराकाकांच्या हाती गेला.

पडद्यावर टोपीवाला एक छोटा माणूस उभा होता. काकांनी त्याला चालवलं आणि बाजूने रेल्वेची लाइन सुरू झाली.

"अरे," काका म्हणाले, "हे तर आमचं यार्ड."

चार रंगांतल्या ठोकळ्यांचं यार्ड ते काय असणार. पण काकांनी एकेक दाखवलं: हा वाकडा सिग्नल, ही पाण्याची टाकी, हा केबिनमागचा पिंपळ. आणि रुळाच्या कडेने छोटे छोटे डबे ठेवलेले होते. टोपीवाला त्यांच्यावरून गेला की डबा उचलला जाई, टुंग आवाज येई आणि आकडा वाढे. नरहरी पुढे वाकला. ते डबे गेमचे होते. राखाडी, लाल-पांढरा, आणि एक, ज्याचा डावा कोपरा तुटलेला होता. तसा तुटक्या कोपऱ्याचा गेम काकांकडे होता. नोकरीतल्या लाइन बॉक्समध्ये, गार्ड लोक सामान नेतात त्या पेटीत, त्यांनी तो जपून ठेवला होता.

"मायाच हाय तो," काका हसत हसत म्हणाले आणि उचलला. टुंग.

सत्तरीचा माणूस पोरासारखा खिदळत होता. शेवटी एक दार आलं, ते पार झालं, आणि काकांनी तिसऱ्या ओळीत नाव लिहिलं. मग हर्षा बसली. तिच्या वेळी यार्ड नव्हतं. शाळेचा लांब व्हरांडा होता आणि जागोजागी पिवळ्या पुस्तिका पडलेल्या. तिने एकही सोडली नाही. "सर, ये तो कमाल है," ती दर मिनिटाला म्हणत होती. नरहरी टाळ्या वाजवत होता, मोना त्याच्या पाठीवर थापा मारत होती, आणि त्या सकाळी त्या खोलीत होता तेवढा आनंद त्या क्वार्टरने आधी पाहिला नसेल.

हर्षाने चौथ्या ओळीत नाव लिहिलं. "अब मेरी बारी," मोना म्हणाली, पण तिच्या टेस्टची वेळ झाली होती आणि नरहरीची दुपारची बी शिफ्ट. कोहिनूर बंद झाला.

मंगळवारी सकाळी नरहरी बोरसीला गेला. जाताना स्वतःला सांगत होता की सहज चाललोय. फकिराकाका अंगणात उन्हात वाटाणे सोलत बसले होते. लाइन बॉक्स उघडा पडला होता. गल्लीतली तीन-चार पोरं गेमच्या वायरी ओढून ओढून खेळत होती, आणि तुटक्या कोपऱ्याच्या त्या गेमची वरची अर्धी बाजू कुणीतरी फोडून चिखल कालवायला घेतली होती.

"काका, हे काय होऊन राहिलं?"

"खेळून राहिले लेकरं. तुले पायजे तर ने उरलेलं."

"काका, हा भेटला तवा तुम्ही रडले होते. मी होतो संग."

"रडलो होतो," काका म्हणाले. "सगळं आठवते मले, नरू. कुठून आणला, कोणी देला, सगळं. फक्त वाटत नाही काही. एखाद्या दुसऱ्याची गोष्ट आयकावी तसं लागते." त्यांनी मूठभर वाटाणे त्याच्यापुढे धरले. "घे. लय गोड हायत."

हर्षाने तर भेटायलाच नको म्हटलं. तिच्या पुस्तिका शाळेत पोरांना हस्तकलेच्या कागदासाठी वाटल्या होत्या. "सब ठीक है सर," फोनवर तिचा आवाज प्रसन्न होता, "बस मन नहीं है अब." संध्याकाळपर्यंत ती ग्रुपमधून बाहेर पडली.

नरहरी घरी येऊन दिवाणावर बसला. काका जे उचलत गेले ते काकांचं गेलं. हर्षाने जे उचललं ते हर्षाचं. सुखराम, केवलराम, दोघांचं तेच झालं असणार. माणूस धडधाकट राहतो, आठवणी राहतात, फक्त त्यांतला जीव निघून जातो. आणि पाचवी ओळ अजून रिकामी होती.

हे सगळं त्याने मोनाला सांगितलं, कारण तिला सांगितल्याशिवाय त्याला काही पचत नसे. ती सगळं ऐकून घेत होती आणि तिचे डोळे चमकत होते.

"पप्पा, फोडून टाका ना त्याले."

नरहरी उठला, हातोडी घेऊन आला आणि कोहिनूरसमोर उभा राहिला. काळा, गुळगुळीत, एक ओरखडा नसलेला. त्याने हातोडी परत ठेवून दिली. जमवणारा माणूस तो, त्याच्याच्याने होईना.

"नाही ना होत? मंग मी खेळते. मायं मन कशातच नाही लागत तसंबी. ले जाएगा तो क्या ले जाएगा? फिजिक्स?" ती हसली. "तुमी शिफ्टले गेले का मी बसतेच पाहा."

"हात लावू नको त्याले."

"कावून नको? तुमचंच तर पोरगं हाय मी."

नरहरीने कोहिनूर उचलून कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं तर ही पोरगी पिनेने उघडेल, तिला ते त्यानेच शिकवलं होतं. कुणाला देऊन टाकला तर ज्याला दिला तो जाईल. उपाय एकच दिसत होता: पाचवी ओळ आपण भरायची. यादी भरली की संपलं, पुढे कुणाला बसायला जागाच नाही. मोना वाचली. आपला शौक मात्र जाईल, आणि शौकाबरोबर रविवारचे दोन तास.

तो रात्री नीट झोपला नाही. पण सकाळी, दात घासताना, त्याला युक्ती सुचली आणि तो ब्रश तोंडात असतानाच हसला. उचललं तरच जातं ना? मग उचलायचंच नाही. गेम आले की वरून उडी मारायची. दारापर्यंत पोचायचं, नाव लिहायचं आणि मोकळं व्हायचं. टोपीवाल्याला उड्या मारायला लावण्यात या भिलाईत नरहरीचा हात धरणारा कोण होता?

त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुटी होती. रीना शाळेत शिकवायला गेली, मोना सायकलवर कोचिंगला. नरहरीने दार लावून घेतलं, चहा केला आणि वही घेऊन बसला. प्लांटात परमिटाशिवाय कुणी कामाला हात लावत नाही. कोणकोणती लाइन बंद ठेवायची, ती एकेक कागदावर लिहायची, तिच्यावर लाल टॅग लटकवायचा, सही करायची. मग कितीही घाई असो, टॅग लावलेल्या वस्तूला कुणी शिवत नाही. बावीस वर्षं त्याचं शरीर शाबूत होतं ते या कागदामुळे. म्हणून त्याने परमिट लिहिलं. एकोणीस गेम, नावानिशी. सत्तेचाळीस कॅसेटी. कंट्रोलर, अडॅप्टर, वायरी. हर्षाने एकदा दिलेली कोहिनूरच्या जाहिरातीची झेरॉक्ससुद्धा. फळीफळीवर लाल कागदाचे टॅग बांधले. खाली सही, तारीख, वेळ: दहा वाजून पाच मिनिटं. परमिटात जे लिहिलेलं नाही त्याचं काय, हा प्रश्न त्याला पडला नाही. प्लांटात ते दुसऱ्या खात्याचं असतं.

त्याने कोहिनूर टीव्हीला जोडला आणि दिवाणासमोर, पायाशी ठेवला. बोटांना ऊब लागली. पाचव्या ओळीवर चौकोन लुकलुकत होता.

टोपीवाला निघाला आणि नरहरी मोठ्याने हसला. समोर सेक्टरचा रस्ता होता. दुतर्फा झाडं, एकसारखी पिवळी क्वार्टर्स, मागे प्लांटच्या चिमण्या. मोडकं फाटक असलेलं शेजाऱ्यांचं क्वार्टरसुद्धा. पहिल्याच वळणावर त्याचा लाल-पांढरा गेम रस्त्यात ठेवलेला. नरहरीने उडी मारली. पार. दुसरा. पार. तीन एका ओळीत आले, त्यांच्यावरून त्याने अशी लांब उडी घेतली की मोनाने पाहिली असती तर शिटी मारली असती. हात थरथरत होते आणि तो थरार भीतीचा कमी, मजेचा जास्त होता. इतका सुंदर गेम तो जन्मात खेळला नव्हता.

मधेच दुसरंही काही येत होतं. गुलाबी रंगाचे छोटे बूट, चालताना टाचेत दिवा लागणारे. ते लुकलुकत होते. नरहरीला हसू आलं. मोना तीन वर्षांची असताना अशीच जोडी घेतली होती सिव्हिक सेंटरला, दिवसा दिवे दिसत नाहीत म्हणून ती पलंगाखाली शिरून चालायची. त्याने परमिटाकडे नजर टाकली. बूट यादीत नव्हते. पॉइंटही लागणारच होते दारासाठी. उचलले.

टुंग.

छातीतून काहीतरी हलकं झालं. बूट कुठून घेतले होते ते आठवत होतं. हसू का आलं होतं ते आठवेना.

पुढे दोन जास्तीची चाकं लावलेली सायकल. यादीत नाही. टुंग.

स्टीलचा डबा, झाकणावर सशाचं चित्र. टुंग.

गेम आला, उडी. गेम आला, उडी. एक दुधाचा दात. टुंग. क्रेयॉनने रंगवलेला कागद, त्यावर मोठी मिशी असलेला एक माणूस. टुंग. केवलराम म्हणाला होता ते खरं होतं, फार मोकळं वाटत होतं. बोटं आता जराही थरथरत नव्हती.

शेवटचा गेम. एकोणिसावा. उडी.

दार आलं. पण ते बंद होतं.

दारापुढे दोन वेण्यांची एक लहान मुलगी उभी होती. चार रंगांचे ठोकळे, दुसरं काही नाही. ती हात हलवत होती. तिला उचलल्याशिवाय दार उघडणार नाही, हे खेळणाऱ्याला लगेच कळत होतं.

कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली.

नरहरीने परमिट पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून. एकोणीस गेम, सत्तेचाळीस कॅसेटी, वायरी, झेरॉक्स.

मुलगी कुठे नव्हती.

टुंग.

दार उघडलं. पाचव्या ओळीत त्याने नाव लिहिलं. चौकोन लुकलुकायचा थांबला.

नरहरी हळूच उठला आणि फळ्यांकडे वळला. हाच क्षण खरा. त्याने धीर करून लाल-पांढऱ्या गेमला हात लावला आणि त्याचं काळीज उड्या मारू लागलं, अगदी पहिल्यासारखं, कदाचित जास्तच. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. सगळं होतं. सगळंच्या सगळं होतं. एकही गेला नव्हता. आनंदाने त्याचे डोळे भरून आले. भिलाई-दुर्गमध्ये शौक राहिलेला तो एकटा माणूस होता आणि वर त्याच्याकडे कोहिनूर होता. तो पुन्हा टीव्हीसमोर बसला आणि खेळ नव्याने सुरू केला.

साडेबाराच्या सुमारास बाहेर सायकल पडल्याचा आवाज आला. दार धाडकन उघडलं. मोना होती, धापा टाकत, सलवार गुडघ्यावर फाटलेली, उजवा हात कोपरापासून सोललेला. पप्पा आज सुटीच्या दिवशीही लवकर का उठले, दात घासताना का हसत होते, हे तिला कोचिंगमध्ये बसल्या बसल्या कळलं होतं. ती तशीच निघाली होती आणि चौकात ट्रकच्या हुलकावणीने रस्त्यावर आपटली होती.

"पप्पा, तुमी खेळले? खेळले का?"

"हो," नरहरी म्हणाला. "काही नाही झालं. सगळं शाबूत हाय. परमिट बनवलं होतं मी."

ती रडायला लागली. रडता रडता हसायलाही लागली, त्याच्या शेजारी दिवाणावर कोसळली आणि डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं. "मले वाटलं तुमी गेले. मले वाटलं आता तुमी कधी... पप्पा, किती दुखून राहिलं. पाहा ना." तिने हात पुढे केला. कोपरापासून निघालेली रक्ताची धार मनगटावरून बोटांपर्यंत आली होती आणि थेंब थेंब खाली पडत होती.

नरहरीने पाहिलं. ही मोना, पंधरा वर्षांची, दहावीत आहे, हे त्याला व्यवस्थित माहीत होतं. अशा वेळी उत्तर म्हणून काय म्हणतात तेही माहीत होतं.

"आत कापूस असन," तो म्हणाला. "जरा सरका तिकडं. टीव्ही दिसून नाही राहिला."

आयुष्यात त्याने तिला सरका म्हटलं नव्हतं. मोना खांद्यावरून डोकं उचलून त्याच्याकडे बघत राहिली. "पप्पा?" ती म्हणाली. हात तसाच पुढे होता. नरहरीने तो दोन बोटांनी धरून काळजीपूर्वक बाजूला केला, खिशातून मऊ फडकं काढलं, आणि कोहिनूरवर पडलेला थेंब सुकायच्या आत पुसायला घेतला.